मांडवातला लसूण

बाई, काल तुझी तेरवी झाली. सारं कुडवा गाव जेवून गेलं. तुझे दोन्ही पोट्टे पंगतीत वाढत होते, तुझे मालक ओसरीवर खांबाला टेकून बसले होते, आणि जो तो तुझ्याच गोष्टी सांगत होता. तेरवीचं जेवण म्हणजे कांदा नाही आणि लसूणही नाही. वाढता वाढता माझ्या मनात आलं, बाई आज असती तर कोणत्या भाजीत काय टाकलं हे न विचारता सारं ताट चाटूनपुसून जेवली असती. मला हसू फुटलं व. आमगावच्या आत्याबाईंनी ते पाहिलं आणि डोळे मोठे केले. जावेच्या तेरवीला हसणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसेल.

चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं हे लिहून राहिली आहे. चुका असतील तर असू दे, तुला कुठं वाचता येत होतं! पण सांगायचं तर तुलाच आहे, कारण काल जो निकाल लावायचा होता त्यात तुझंही अर्धं बोट होतं.

तू गेली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय चालला. माझी कुसुम. आत्याबाई म्हणाल्या, घरात मौत झाली, आता वर्षाच्या आत लग्न उरका, नाही तर तीन वर्षं थांबावं लागते. पोरगी पंधरा वर्षांची झाली, तीन वर्षांनी तिला कोण विचारेल? शिवाय मोठीचा, म्हणजे तुझा, नवस अर्धा राहिला आहे. ज्या पोरीसाठी नवस बोलली तिचाच मांडव पडला नाही, म्हणजे दोष लागेल तो पोरीलाच. आत्याबाईंच्या ओळखीचं स्थळही तयार होतं, राइस मिलवाल्याचा मुलगा, आणि ती मंडळी तेरवीलाच येणार होती. कुसुमचे बाबा मला म्हणाले, ‘‘तू म्हणशील तसं.’’ आपल्या दोघींचे नवरे सारखेच, अवघड गोष्ट आली की बैलांना पाणी पाजायला जातात.

कुसुम भंडाऱ्याहून पेटी घेऊन आली होती, मास्तरणीचं शिक्षण अर्धं टाकून. ती तुझ्या खाटेवर बसून राहिली. एकदा फक्त मला विचारलं, ‘‘माय, मोठी मायनं काय सांगितलं होतं माह्याबद्दल?’’ मी काय सांगू? तू तर तिच्याबद्दल रोजच काही ना काही सांगत होती.

मी या घरात आली तेव्हा तुला पाहून घाबरली होती. मी तिरोड्याकडची, आमच्या घरी कांद्याचं राज्य. कांद्याची भाजी, कांद्याची चटणी, उन्हात निघालेल्या माणसाच्या दुपट्ट्यात बांधायला कांदा. आणि तू देवरीकडची, लसणाशिवाय तुझ्या घशाखाली भात उतरत नव्हता. घरामागच्या वाडीत गेली की ओला लसूण उपटायची, बादलीत बुडवून माती काढायची आणि मिठाच्या खड्यासोबत तिथंच उभ्यानं खायची. मी तुला ‘तुमी’ म्हणाली, तर तू म्हणाली, ‘‘कायले तुमी-तुमी करून राहिली व? मी काय तुही सासू होय? तू म्हण.’’ तोंडाला असा वास की मी दोन पावलं मागं सरकली. भासरे, म्हणजे तुझे मालक, बारा महिने ओसरीवर झोपायचे. उकाडा होते म्हणून, असं ते सांगायचे. थंडीतही.

तुझ्यासारखा लसूण मात्र कुडव्यात कोणाचा होत नव्हता. हलकं, लवकर पिकणारं धान निघालं की तू वाडी खणायला घ्यायची. गड्डे फोडायची आणि बाहेरच्या जाड पाकळ्या लावायला ठेवायची, मधल्या बारीक खायला. मी म्हणायची, जाड त्या खाऊ न, बारीक लावू. तू माझ्याकडे अशी पाहायची की जसं मी घरातलं पोर विकायला काढलं. ‘‘लावाचं ते चांगलंच लावाचं. खाऊन त काय, उद्या विसरशीन.’’ पाकळीचं बूड खाली, टोक वर. मी पहिल्या वर्षी आडव्याच टाकल्या आणि वरून माती लोटली. तू सारा वाफा उकरून पुन्हा लावला आणि दिवसभर गावात सांगत फिरली की माही जाऊ लसूण झोपवते. महिनाभर बायका मला पाणवठ्यावर विचारत, ‘‘काय व, झोपला का लसूण?’’

मग ते वर्ष आलं, स्वराज्याचं. गोंदियात दुकानांवर झेंडे लागले होते आणि आपल्या घरात कुसुमची छाती भरली होती. दोन वर्षांची होती. श्वास घेतला की बरगड्यांमध्ये खड्डा पडायचा. तू लसणाच्या पाकळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधल्या, तेलात लसूण जाळून छातीला चोळला. गोंदियाचा डॉक्टर टांग्यातून आला, सुई देऊन गेला आणि म्हणाला, वाट पाहा. मला वाट पाहता येत नव्हती. तू मला म्हणाली, ‘‘तू तिले पोटाशी धरून बस, बाकीचं मी पायते.’’

तू रांधणीत गेली. लाखोळीच्या डाळीचं वरण केलं, वरून लसणाची अशी फोडणी दिली की अंगणात ठसका लागला. पोरगी मरणाला टेकली आणि ही पोटभर जेवून राहिली, म्हणून मला राग आला. जेवली, हात धुतला, पदर खोचला आणि गावाबाहेर मातामायच्या ठाण्यावर गेली. परत आली ती सांगतच, ‘‘लसूण सोडला मी. आता पोट्टीच्या लग्नाच्या मांडवात खाईन, तिच्या हातानं.’’

पोरीला उतार पडला तसे सारे तुला हसले. भासरे म्हणाले, मातामायची पोरीसोबत माझ्यावरही कृपा झाली. मी म्हटलं, बाई, लोक गूळ सोडतात, वांगं सोडतात, एखादा वार धरतात. तू म्हणाली, ‘‘जे सोडून जिवाले लागत नाही, ते देवीले कायले द्याचं? तिले का समजत नाही?’’

पोरगी वाचली. कुसुमचे बाबा म्हणत, डॉक्टरच्या सुईनं वाचली. तू कधी वाद घातला नाही. ‘‘हाव, सुईनंच वाचली,’’ म्हणायची आणि लसूण नसलेली आपली वाटी बाजूला काढून ठेवायची.

लसूण सोडला तो फक्त तोंडातून. वाडीत आधीसारखाच लावायची, तण निंदायची, पात पिवळी पडली की उपटून वेण्या घालायची, चुलीच्या वर धुरात टांगायची. आम्हा साऱ्यांसाठी पाट्यावर जवसाची चटणी वाटायची, लसूण भरपूर टाकून, आणि मला हाक मारायची, ‘‘चाख व, मीठ बराबर आहे का?’’ मी चाखायची आणि तू माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. चटणी वाटून झाली की पाण्याचा तांब्या जवळ असूनही तू लगेच हात धुवायची नाही. बोटं नाकाजवळ न्यायची. मी पाहिलं की म्हणायची, ‘‘वास घेतला त नवस मोडत नाही. मी इचारलं हाय मातामायले.’’ मी विचारायची, काय म्हणाली मग? ‘‘काही बोलली नाही. म्हणजे हाव.’’

माझा कांदा तुला कधी आवडला नाही. पाण्याचा गोळा म्हणायची. पण लसूण सुटल्यावर तुला त्याच्याच आसऱ्याला यावं लागलं. तव्यावर कांदा परतायला घ्यायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, ‘‘काय दिवस आले माह्यावर!’’ मी मुद्दाम तुझ्यासाठी चुलीच्या राखेत अख्खा कांदा भाजायची, वरची काळी सालं काढून मिठासोबत तुझ्या ताटात ठेवायची. तू खायची आणि वर मान करून म्हणायची, ‘‘बरा हाय.’’ एवढ्या वर्षांत ‘बरा’च्या पुढं तू गेली नाही. मी पण कमी नाही, दर वेळी विचारायची.

आता भांडणावर येते. भांडण एकच होतं आपलं, आणि ते तू अर्धवट टाकून गेली.

मला कुसुमचं लग्न लवकर करायचं होतं. मुलगी दहा-अकराची झाली तेव्हापासून मी ज्याला त्याला स्थळ विचारून राहिली होती. गावात सगळ्याच मुलींची होतात, हे एक. पण खरं सांगू? रोज तुझी ती वेगळी वाटी पाहून माझा घास अडकत होता. माझ्या लेकरासाठी ही बाई बेचव खाते आणि मी तिच्या समोर बसून बोटं चाटते. मांडव पडला की सुटशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तू! ज्या मांडवात तुझा लसूण ठेवला होता तोच मांडव तू दर वर्षी पुढं ढकलत होती. ‘‘चौथी होऊ दे.’’ ‘‘पाचवी होऊ दे.’’ ‘‘सातवी झाल्यावर पाहू न, एवढी काय जल्दी हाय?’’ मी तुझ्या जिभेसाठी घाई करत होती आणि तू तिच्या शाळेसाठी जीभ बांधून बसली होती. असं भांडण कोणाला समजावून सांगावं!

तुला शाळेचं एवढं का होतं ते मला ठाऊक आहे. नव्या नवरीची तू माहेरी जायला निघाली होती आणि गोंदियाच्या टेशनावर देवरीच्या वाटेवरच्या आमगावच्या गाडीऐवजी छोट्या लाइनच्या गाडीत जाऊन बसली. पाटी वाचता आली नाही आणि विचारायची लाज वाटली. बालाघाटला उतरून रडत बसली होती, कोण्या टीशीनं परतीच्या गाडीत बसवून दिलं. सारं घर ती गोष्ट सांगून हसायचं. तू पण हसायची. पण कुसुम शाळेतून आली की तिला टेशनावर नेऊन पाट्या वाचायला लावायची, आणि तिनं घडाघडा वाचलं की आजूबाजूच्या हमालांकडे पाहायची, जसं तूच वाचलं.

आणि ते माळकऱ्यांचं स्थळ! बाई, त्याची आठवण आली की मला अजूनही कळत नाही हसावं की तुझं डोकं फोडावं. सातवीत होती तेव्हा कुसुम. चांगलं खातंपितं घर, पंधरा एकर धान, मुलगा देखणा. साऱ्या घराच्या गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसणाला शिवत नव्हते. मी तुला आदल्या दिवशी बजावलं, सकाळी पुन्हा बजावलं, पाहुणे बैलगाडीतून उतरले तेव्हा कानात सांगितलं. तू मान हलवत होती. पानं मांडली. म्हातारबुवांनी पहिला घास घेतला आणि हात तसाच थांबला. वरणात अख्ख्या पाकळ्या तरंगत होत्या. वांगं फोडलं तर आत लसूण. चटणी म्हणजे तर जवस नावाला, बाकी सारा लसूणच.

म्हातारबुवा म्हणाले, ‘‘हे काय हाय?’’ तू दाराआडून, पदर पुढं ओढून, अशी गरिबासारखी बोलली, ‘‘मी लसूण खात नाही जी. म्हणून मले समजत नाही किती टाकाचा.’’

पाहुणे गूळ-पोहे खाऊन गेले. गेले ते गेलेच. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. तू तीन-चार दिवस माझ्या मागं-मागं फिरली आणि शेवटी वाडीत मला गाठलं.

‘‘काऊन बोलत नाही व माह्यासंगं?’’

‘‘तुले ठाऊक नाही?’’

‘‘पोट्टी त्या घरी जाऊन जनमभर बेचव खाईल. तुले चालन?’’

‘‘तूच त बेचव खाऊन राहिली! तुले चालते न?’’

‘‘माही गोष्ट अलग हाय. मले कोणी सांगितलं नव्हतं, मी माह्या मनानं सोडला. तिलेबी तिच्या मनानं धरू दे, सोडू दे. आधी मास्तरीण होऊ दे, मंग तिच्या मनानं मांडव पडन.’’

‘‘अन् तू? तोवर तू म्हातारी होशीन.’’

‘‘दात राह्यले पाह्यजे फक्त,’’ तू म्हणाली आणि खुरपं माझ्या हातात दिलं. मी निंदायला बसली. राग गेला नव्हता, पण बसली.

आता या कार्तिकात ताप तुझ्या अंगात शिरला. दोन दिवसांत तू एवढीशी झाली. मी तुपात दोन पाकळ्या खरपूस परतून आणल्या, तुझ्या नाकाजवळ धरल्या. म्हटलं, बाई, बस झालं आता, मातामाय काही तुझ्यासारखी हट्टी नाही, खाऊन टाक. तुझे डोळे चमकले, मी पाहिलं. मग तू वाटी हातानं दूर लोटली आणि म्हणाली, ‘‘पोट्टीची परीक्षा कवा हाय?’’ मी म्हटलं, उन्हाळ्यात. ‘‘मंग राहू दे तिले तिथंच. माह्यासाठी बलावू नोको.’’ त्यावर मी काही बोलली नाही. बोलायला पाहिजे होतं. तुझ्यामुळं माझी पोरगी आहे, एवढं एक वाक्य मला तेरा वर्षांत बोलता आलं नाही. आपल्या घरात असं बोलायची रीतच नाही. कोणी बोललंच तर तू म्हणाली असती, काय झालं हिले, ऊन लागलं का?

तर काल. पंगती उठल्या. मिलवाले पाहुणे ओसरीवर सुपारी कातरत बसले. माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगते. मुलगाही शिकलेला होता. आत्याबाईंनी साऱ्यांसमोर मला विचारलं, ‘‘मंग काय व, माघात धरायची का तिथी? मोठीचा नवसही फिटून जाईल, तिच्या आत्म्याले शांती भेटन.’’

मी दाराशी उभी होती. आत तुझ्या खाटेवर कुसुम बसली होती, तिची पेटी भिंतीशी. खरं सांगते बाई, माझ्या मनात भीती होती. शाळेची नाही, नवसाची. छातीत खड्डा पडलेलं ते लेकरू मला अजून दिसते. देवीशी झालेला सौदा अर्धा राहिला आणि उद्या हिला काही झालं तर? एका होकाराचं काम होतं. भीती पण गेली असती आणि तुझा लसूण पण फिटला असता. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. मग मला वाटलं, तू स्वतः मरणाच्या दारात जी वाटी लोटली, ती मी आता तुझ्या नावानं पोरीच्या तोंडात कोंबू का?

‘‘पोट्टी सोमवारी भंडाऱ्याले जाते,’’ मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. ‘‘तीन वर्षं थांबा लागन त थांबू.’’

‘‘अन् नवस?’’ आत्याबाई उभ्याच झाल्या. ‘‘मेलेल्या बाईचा नवस कोण फेडन?’’

‘‘मी धरला तो. आजपासून लसूण माह्या तोंडात नाही. तिच्या मनानं मांडव पडन, तवा तिच्या हातानं दोघींचा खाईन.’’

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. एक जाऊ गेली त दुसरीत शिरली, म्हणाल्या. पाहुण्यांनी सुपारी गोळा केली आणि रामराम करून निघाले. कुसुमचे बाबा बैलांना पाणी पाजून आले तेव्हा सारं आटपलं होतं. कुसुमनं आतून येऊन मला मागून धरलं, लहानपणी धरायची तसं, आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. आज पहाटे मी मातामायच्या ठाण्यावर जाऊन तिलाही सांगून आली. ती काही बोलली नाही.

मग घरी आली. इतक्या दिवसांनी सुतक संपून घरात फोडणी पडली होती. तुझ्या मोठ्या पोट्ट्याच्या बायकोनं लाखोळीचं वरण केलं होतं, वरून लसूण. सारे जेवायला बसले. तो वास आला आणि बाई, माझ्या तोंडाला पाणी सुटलं, लहान पोरासारखं. माझा हात आपोआप वाढला. मी तो मागं घेतला, कोरडा भात आणि मीठ घेतलं, दोन घास गिळले आणि तिसरा काही केल्या उतरेना. समोर सारे भुरके मारत होते आणि कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

एक जेवण व बाई. एकच जेवण झालं आणि माझा जीव कासावीस झाला. तू तेरा वर्षं, दोन्ही वेळा, माझ्या समोर बसून कशी जेवली? आणि वर मलाच विचारायची, ‘‘पोट भरलं का व तुहं?’’